मागची केबिन आधी पारखा, मग यॉट

वाचकाचा प्रश्न : आम्ही दांडिया बाजार, वडोदरा इथले. मिस्टर यंदा निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी ग्रीसच्या आयोनियन समुद्रात भाड्याच्या चाळीस फुटी यॉटवर आठवडाभर राहिलो. तेव्हा आम्हाला मिळालेली केबिन कॉकपिटच्या, म्हणजे चाक धरून बोट चालवायच्या उघड्या जागेच्या, खाली होती. उठताना डोकं आपटायचं, रात्री उकडायचं, आणि भिंतीकडच्या माणसाला बाहेर यायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागायचं. तरी समुद्राचा नाद लागला तो लागलाच. आता तिथेच जुनी यॉट घेऊन दरवर्षी तीन-चार महिने राहायचं ठरवतो आहोत. यांनी डे स्किपरचा, म्हणजे बोट चालवण्याचा, कोर्स केला आहे. यांची उंची सहा फूट एक इंच. मला कंबरेचा त्रास आहे आणि रात्री एक-दोनदा उठावं लागतं. मुलगा-सून मधूनमधून येतील. दलालाने तीन यॉट सुचवल्या आहेत : १९८६ ची ३६ फुटी स्वीडिश, कॉकपिट मध्यभागी, १९९९ ची ४० फुटी फ्रेंच, कॉकपिट मध्यभागी, मागे मधोमध पलंग, आणि २००८ ची ३८ फुटी जर्मन, कॉकपिट मागे, दोन केबिनची. कोणती घ्यावी? पुढेमागे ती मुंबईला आणता येईल का?

उत्तर : ताई, पत्रात तुम्ही उंची, कंबर आणि रात्रीचं उठणं लिहिलंत ते फार बरं झालं, कारण निवड त्यावरच ठरायला हवी. आमचं मत असं : आधी चाळीस फुटी फ्रेंच यॉट बघायला जा. ती मापात बसली नाही तर अडतीस फुटी जर्मन बघा. छत्तीस फुटी स्वीडिश यॉट समुद्रात तिघींमध्ये सर्वात भरवशाची निघेल, पण तुमच्या घरासाठी आम्ही ती सुचवणार नाही.

मागच्या केबिनमध्ये उभं राहण्याइतकी उंची हवी असेल, तर कॉकपिट पुढे सरकवून बोटीच्या मध्यावर आणावा लागतो. तेवढं केलं की मागे स्वतंत्र खोली होते. पण मधल्या कॉकपिटच्या खाली इंजिन असतं आणि त्याच्या बाजूने मागे जायची वाट काढायची असते. दहा-साडेदहा मीटरच्या बोटीत ही वाट अरुंद आणि बुटकी होते. सहा फूट एक इंचाचा माणूस तिथून कमरेत वाकूनच जाईल, आणि तुम्हाला रात्री दोनदा तेच करावं लागेल. काही जुन्या बोटींत तर आतून वाटच नाही. कॉकपिटमधून दुसऱ्या दाराने मागे उतरावं लागतं. साधारण साडेअकरा मीटरच्या पुढे ही ओढाताण कमी होते. म्हणून मधल्या कॉकपिटची बोट घ्यायची तर ३७ फुटांच्या खाली उतरू नका, असा आमचा आग्रह आहे. हॉलबर्ग-रासी ३५२, वेस्टर्ली कॉर्सेर ३६, मूडी ३७६, बेनेतो ओशनिस ४० सीसी ही नावं तुम्हाला शोधताना वारंवार भेटतील. सगळ्यांचा कॉकपिट मध्यभागी आहे, पण आकारमान, काळ आणि रचना वेगवेगळी. तेव्हा नावावर जाऊ नका, टेप घेऊन जा.

मापं घरीच ठरवा. विमानाचं तिकीट काढायच्या आधी हॉलच्या फरशीवर खडूने पलंग आखा : लांबी २ मीटर, खांद्यापाशी रुंदी दीड मीटर, पायाशी ९० सेंटीमीटर. दोघांनी त्यात आडवं व्हा, कूस बदला, एकाने दुसऱ्याला न हलवता उठून दाखवा. मागच्या केबिनचा बिछाना पायाकडे निमुळता असतो. पायाशी ७० सेंटीमीटरच असतील तर चार पाय तिथे मावत नाहीत, आणि हे जाहिरातीतल्या फोटोत कधीच कळत नाही. तुमच्या मिस्टरांच्या उंचीला, म्हणजे १८५ सेंटीमीटरला, बिछाना आतल्या मापाने किमान १९५ हवा; २०० मिळाला तर उत्तम. नंतर जेवणाचं टेबल त्या आखणीवर सरकवा. गादीपासून वरच्या छताची उंची उशीपाशी ९० सेंटीमीटर असेल तर बसून पुस्तक वाचता येतं. ६० असेल तर कोपरावर टेकता येतं, बसता येत नाही. ४५ च्या खाली गेलं की गुडघा वर करून कूस बदलता येत नाही. भाड्याच्या बोटीवर तुमचं डोकं आपटलं ते याच कारणाने : कॉकपिटचा तळ पलंगाच्या वर आलेला असतो, आणि तो नेमका उशीजवळ आहे की पायाजवळ यावर सगळं अवलंबून असतं. पायाकडे असेल तर चालतं.

कंबरेसाठी आणखी एक माप घ्या : जमिनीपासून गादीच्या वरपर्यंतची उंची. ५० ते ५५ सेंटीमीटर असेल तर तुम्ही पाय टेकवून उठू शकाल. पुष्कळ बोटींत पलंगाखाली डिझेलची टाकी किंवा सुकाणूची यंत्रणा असल्यामुळे ही उंची ७५-८० पर्यंत जाते आणि पायरीवरून चढावं लागतं. मधोमध पलंग असेल तर दोन्ही बाजूंना निदान पाऊल ठेवण्यापुरती, ३० सेंटीमीटर तरी जागा मोकळी हवी. एका बाजूला १५ च असतील तर आराखड्यात तो मधोमध पलंग दिसतो, पण वापरायला भिंतीला चिकटवल्यासारखाच.

मुख्य शिडीसुद्धा मोजा. मधल्या कॉकपिटची बोट उंच असते, त्यामुळे सलूनमध्ये, म्हणजे आतल्या बैठकीच्या खोलीत, उतरायला पाच-सहा पायऱ्या आणि चढण खडी. दोन पायऱ्यांतलं अंतर ३० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर कंबर आठवड्याभरात कुरकुरेल. ग्रीसमध्ये बोट बहुधा पाठीकडून धक्क्याला लावतात, म्हणजे किनाऱ्यावर जायला दर वेळी कॉकपिटमधून मागच्या डेकवर चढा, तिथून खालच्या फळीवर उतरा, मग धक्क्यावर. जर्मन बोटीत मागच्या कॉकपिटमधून हे दोन पावलांत होतं. तुमच्या बाबतीत तिची हीच खरी जमेची बाजू आहे, ती हलकी समजू नका.

आता हवा. झोपेचं खरं दुखणं उकाड्याचं असतं. मागच्या केबिनच्या छताला किमान ५० बाय ५० सेंटीमीटरची उघडणारी खिडकी हवी आणि तिच्याखेरीज हवा बाहेर जायला दुसरं तोंड हवं : बाजूची किंवा कॉकपिटकडे उघडणारी खिडकी. एकच भोक असेल तर हवा येते पण फिरत नाही. नांगरावर बोटीचं तोंड वाऱ्याकडे असतं, त्यामुळे सगळ्यात चांगली हवा पुढच्या केबिनला मिळते आणि मागच्या केबिनचा वारा पुढचं बांधकाम अडवतं. म्हणून जर्मन बोट बघाल तेव्हा पुढच्या केबिनचा पलंगही मोजा. जूनच्या उकाड्यात तुम्ही दोघं पुढे झोपाल आणि मागची केबिन मुलगा-सुनेची होईल, हे अगदी शक्य आहे. मागे झोपायचं तर १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे लावून घ्या. एक पंखा साधारण ०.४ अँपिअर खातो. दोन पंखे आठ तास चालले तर जेमतेम ६.४ अँपिअर-तास. त्यासाठी मोठी बॅटरी लागत नाही.

आवाजाचं बघायला दिवसा जाऊन भागत नाही. विक्रेत्याला सांगून एक रात्र बोटीवर, शक्यतो नांगरावर काढा. रुंद आणि सपाट मागचा भाग असलेल्या आधुनिक बोटींत छोट्या लाटा पाठीखाली येऊन थपथप आपटतात आणि तो आवाज थेट उशीखाली येतो. सुकाणूचं बेअरिंग झिजलेलं असेल तर लाटेबरोबर टकटक ऐकू येते. चाक बांधून ठेवल्यावर ती थांबली तर ठीक; थांबली नाही तर बोट पाण्याबाहेर काढल्यावर सुकाणूचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवून बघायचं. थोडा खुळखुळाट चालतो, पण टोक सेंटीमीटरभर सरकत असेल तर बेअरिंग बदलायचा खर्च किमतीतून कापून मागा. मागे खांबावर पवनचक्की असेल तर ती चालू करून केबिनमध्ये झोपून ऐका. ऑटोपायलटचा दट्ट्या बहुधा पलंगाच्या खालीच सुकाणूला जोडलेला असतो. प्रवासात एकजण झोपलेला असताना तो रात्रभर घरघरतो. तुम्ही रात्रीचे लांब टप्पे करणार नसाल तर त्याचा बाऊ करू नका.

वासाची परीक्षा नाकाने, पण पद्धतशीर करा. बोट आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा आणि सकाळी पहिल्यांदा मागच्या केबिनमध्ये तुम्हीच शिरा. डिझेलचा वास आला तर पलंगाची फळी उचलून टाकीच्या झाकणाचं गॅस्केट आणि भरण्याच्या नळीचे क्लिप बघा. गॅस्केट असेल तर काम किरकोळ, टाकीच गळत असेल तर ती बाहेर काढायला फर्निचर तोडावं लागतं. मागच्या संडासाच्या नळ्या जुन्या झाल्या की वास रबरातून पाझरतो. गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर घासा आणि त्या फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला तर नळी बदलायची, साफ करून उपयोग नाही.

इथे एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मधल्या कॉकपिटच्या बोटीत तुमचा पलंग आणि बाहेर जायची शिडी यांच्या मधे इंजिन असतं. आग लागते ती बहुतेकदा तिथेच किंवा स्वयंपाकाच्या गॅसपाशी. तेव्हा मागच्या केबिनमधून छताच्या खिडकीनेच बाहेर पडावं लागेल. आग-सुरक्षेच्या आयएसओ ९०९४ या मानकात सुटकेच्या तोंडासाठी माप दिलेलं आहे : गोल असेल तर ४५० मिलिमीटर व्यास, इतर आकार असेल तर सर्वात लहान बाजू ३८० मिलिमीटर आणि क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर. खिडकी मापात असली तरी तेवढ्याने भागत नाही. कंबर दुखत असताना, अंधारात, पलंगावर उभं राहून तुम्हाला तिच्यातून स्वतःला वर खेचता येतं का, हे बोट बघतानाच करून पाहा. नाही जमलं तर भिंतीला एक पायरी आणि छताला एक भक्कम पकड बसवून घेण्याची अट घाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागच्या केबिनमध्ये हवाच, कारण इंजिनचा धूर मागून वर येऊन याच खिडकीतून आत खेचला जातो. अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ लिहिलेलं बघा. बोटींसाठीचं मानक ते.

पलंगाखाली जे दडलेलं असतं ते उघडून बघितल्याशिवाय सौदा करू नका. मधल्या कॉकपिटमध्ये चाक पुढे आणि सुकाणू मागे, म्हणून सुकाणूची तार लांबून येते आणि तिच्या कप्प्या तुमच्या गादीखाली असतात. कागदी रुमाल तारेवरून फिरवा. तुटलेला तंतू असेल तर तो अडकतो, आणि मग तार बदलायलाच हवी. काही बोटींत तारेऐवजी हायड्रॉलिक असतं. तिथे तेल झिरपतं का ते बघा. आणीबाणीचं सुकाणू नेमकं कुठे बसतं ते विक्रेत्याला तुमच्यासमोर बसवून दाखवायला सांगा. ते पलंगाच्या मधूनच बसत असेल तर गादी काढून किती मिनिटांत बसतं, आणि त्यावर जोर द्यायला जागा आहे का, हे तेव्हाच कळेल.

गळती मागच्या केबिनला हमखास असते, कारण शिडाचा दोर ज्या पट्टीवर सरकतो ती पट्टी काही बोटींत याच केबिनच्या छतावर बोल्टने बसवलेली असते. लाकडी पॅनेलवर तपकिरी ओघळ शोधा. पाण्याच्या पाइपने तपासताना खालून सुरुवात करून वर जा, प्रत्येक जोडावर दहा-पंधरा मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते कुठून शिरलं ते कळत नाही. स्वीडिश बोटीवर स्क्रूने बसवलेला जुना सागवानी डेक असेल तर खर्चाची धास्ती तिथेच : स्क्रूभोवतीचं पाणी आतल्या थरात उतरतं, आणि पूर्ण डेक बदलणं हे इतक्या जुन्या बोटीच्या किमतीच्या मानाने फार मोठं काम आहे. तुम्हाला ती न सुचवण्याचं हे दुसरं कारण.

समुद्रात चालत्या बोटीत झोपायचं असेल तर मधोमधचा रुंद पलंग उपयोगाचा नाही. बोट एका बाजूला कलली की माणूस घरंगळतो. त्यासाठी सलूनमधला सरळ बाक, किमान १९५ सेंटीमीटर, आणि त्याला धडाएवढ्या लांबीचं ४० ते ४५ सेंटीमीटर उंच कापडी कुंपण लागतं. तीनपैकी ज्या बोटीत दोन्ही बाक गोलाकार आहेत, तिथे रात्रीचा प्रवास करू नये.

गादीची सोय मात्र अर्धी वडोदऱ्यात होईल. बोटीच्या मूळ गाद्या जुन्या झाल्या की बसतात, आणि खालची फळी थंड पडून ओल धरते. गादीखाली दोन-तीन सेंटीमीटर हवा खेळेल अशी लाकडी जाळी किंवा प्लास्टिकच्या स्प्रिंगची चटई टाका, नाहीतर एका हंगामात बुरशी येते. फोम १० ते १२ सेंटीमीटर जाड, ४० डेन्सिटीचा घ्या. तो तिथेच कापून मिळेल. खोळी इथून शिवून न्या, वजन काही नाही. बोटीवर गादीच्या जागेवर प्लास्टिकचा कागद अंथरून कडा मार्करने आखा, वरची बाजू आणि पुढची दिशा लिहा, उशीपाशी आणि पायाशी उतार किती आहे तेही. मंगळ बाजारात कापड बघून शिंप्याकडे तो कागद द्या. चेन प्लास्टिकचीच लावा. धातूची चेन खारट हवेत एका हंगामात अडकते.

बाकीची तपासणी स्वतंत्र सर्व्हेअरकडून, बोट पाण्याबाहेर काढून. दलालाने सुचवलेला सर्व्हेअर घेऊ नका. डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांच्या झाल्या असतील तर विमा कंपन्या बहुधा त्या बदलायला लावतात. जर्मन बोटीला सेलड्राइव्ह (इंजिनापासून बोटीच्या तळातून थेट खाली पंख्याकडे जाणारा जोड) असेल तर तिचं रबरी डायफ्राम कधी बदललं ते विचारा. व्होल्वोच्या सेलड्राइव्हसाठी कंपनी सात वर्षांनी बदलायला सांगते, आणि त्यासाठी इंजिन हलवावं लागतं. समुद्राचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बोटीच्या तळाच्या झडपा पितळी असतील आणि हातोडीने ठोकल्यावर गुलाबी भुगा दिसला तर त्या सगळ्या बदला. १६ जून १९९८ नंतर युरोपात विकलेल्या बोटीला सीई पाटी, म्हणजे युरोपीय नियमांत बसल्याची खूण, असते. पाटीवर अ श्रेणी म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर आठ फोर्सच्या वर वारा आणि चार मीटरच्या वर लाटा गृहीत धरलेल्या. तुमच्या आयोनियन फिरण्याला ब श्रेणीही पुरते. खरेदीच्या रकमेच्या २० टक्के पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवा, आणि पुढे दरवर्षी १० टक्क्यांचा हिशेब धरा.

आयोनियन समुद्र तुमच्यासाठी योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनमध्ये मेल्तेमी नावाचा जोरदार उत्तरेचा वारा दिवसच्या दिवस वाहतो. आयोनियनमध्ये दुपारचा वारा त्या मानाने सौम्य. हिवाळ्यात बोट बाहेर काढून ठेवायला प्रेवेझा आणि लेफकाडाला जागा आहेत. पण चार महिने सलग राहता येणार नाही. साध्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच मिळतात. एप्रिल ते जून एकदा, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, असं वेळापत्रक दिवस मोजून बसवा. ऑक्टोबरच्या थंड रात्रींत मागची केबिनच उबदार राहते. खरेदीच्या वेळी व्हॅट भरल्याचा मूळ कागद आणि पहिल्या मालकापासूनची विक्रीपत्रं हातात आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

मुंबईचं म्हणाल तर घाई नको. आपल्याला जवळ वाटणारं खंभातचं आखात या बोटींसाठी नाहीच. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, प्रवाह प्रचंड आणि तळाला गाळ. मुंबईत गेटवेसमोर बोटी पाण्यात तरंगणाऱ्या बोयांना बांधलेल्या असतात, छोट्या होडीतून चढ-उतार करावी लागते, आणि पावसाळ्यात बोट बाहेर काढावी लागते. कंबरेसाठी ते ग्रीसच्या धक्क्यापेक्षा अवघड. धक्क्याला बांधायची सोय हवी तर कोचीची मरिना आहे. आयातीवर सीमाशुल्क लागतं, शिवाय सप्टेंबर २०२५ पासून यॉटवरचा जीएसटी ४० टक्के आहे. बोट इथे आणायची असेल तर हा आकडा धरून कस्टम एजंटकडून लेखी हिशेब मागवा, आणि तोही ग्रीसमध्ये बोट घेण्याआधी.

फ्रेंच बोटीसाठी दलालाला आजच लिहा आणि चार मापं मागवा : गादीची लांबी, पायाकडची रुंदी, जमिनीपासून गादीची उंची, आणि मागे जायच्या वाटेतली सर्वात कमी उंची. शेवटचा आकडा १६५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर तिकीट जर्मन बोटीसाठी काढा.